पिल्लं तोडल्यावर डुकराची मादी वेळेत माजावर आणताना : माझा अनुभव

डुकराची मादी उलटली, म्हणजे भरल्यावर पुन्हा माजावर आली, की बोट आधी नराकडे जातं. नर म्हातारा झाला, वीर्य खराब होतं, दिवस चुकला. जालना भागात यॉर्कशायर आणि संकरित माद्या सांभाळताना माझं मत पक्कं झालंय की पुढचं वेत पिल्लं पाजण्याच्या चार आठवड्यांतच ठरतं. म्हणून पिल्लं तोडल्यापासून (आईच्या दुधापासून वेगळी केल्यापासून) माजापर्यंत किती दिवस गेले, हे मी प्रत्येक गव्हाणीवरच्या पाटीवर खडूने लिहितो. ४ ते ६ दिवस असतील तर सगळं ठीक. १० च्या पुढे गेले की औषधाआधी खाद्याची वही उघडायची.

पिल्लं सड ओढत असतात तोवर बीजांडाला चेतवणारी संप्रेरकं दबलेली राहतात. पिल्लं निघाली की तो दाब उठतो. पण तोपर्यंत अंगावरचं मांस दुधात उतरून गेलेलं असेल तर माज लांबतो, आला तरी बीजं कमी सुटतात. व्याल्यानंतरच्या वजनात १० ते १२ टक्क्यांपेक्षा जास्त घट झाली की हा धोका सुरू होतो. पहिलारू मादी यात आधी सापडते, कारण तिची स्वतःची वाढ अजून चालू असते आणि भूक मात्र लहान.

खाद्याचा हिशेब सोपा ठेवलाय : मादीच्या जिवाला २ किलो आणि दर पिल्लामागे अर्धा किलो. १० पिल्लं असतील तर ७ किलो. व्याल्याच्या दिवशी थोडंच द्यायचं, मग रोज अर्धा ते एक किलो वाढवत आठवडाभरात पूर्ण मापावर न्यायचं. मका भरडा, सोयापेंड, गव्हाचा कोंडा, मीठ, खनिज मिश्रण. सोयाबीन घरचं आहे म्हणून कच्चं घालू नका, त्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत.

खरी अडचण एप्रिल-मे. मादीला १८ ते २२ अंश मानवतात आणि आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा ती खातच नाही. पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर ओली आंबोण, दुपारी गव्हाण रिकामी आणि स्वच्छ. शेतातली ठिबकची नळी इथे फार कामाला येते : मानेवर आणि खांद्यावर थेंब थेंब पाणी पडू द्यायचं, पिल्लांचा कोपरा मात्र कोरडा राहिला पाहिजे. पाजणाऱ्या मादीला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं. पाणी पिण्याच्या निपलखाली भांडं धरा, अर्ध्या मिनिटात लिटरभर आलं पाहिजे. उन्हातल्या काळ्या पाइपातलं गरम पाणी ती टाळते, आणि पाणी घटलं की खाणं घटतं. पाइप जमिनीत गाडणं हा स्वस्तातला उपाय आहे.

पिल्लं मी २८ व्या दिवशी तोडतो. आठ आठवडे पाजत ठेवण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ११४ दिवस गाभण, २८ पाजण्याचे, ५ माजाचे, असे १४७ दिवस धरले तर वर्षाला अडीच वेतांच्या जवळ जातो. ५६ दिवस पाजलं तर जेमतेम दोन. २१ दिवसांच्या आत मात्र घाई नको, गर्भाशय पूर्ववत झालेलं नसतं.

गुरुवारी तोडलं की माज सोमवार-मंगळवारी पडतो, वीर्य मागवायला सोयीचं. मादी हलवायची, पिल्लं जागेवर ठेवायची. दहाव्या दिवसापासून कोरडं खाद्य चाटवलेलं असलं की ती लवकर सावरतात. दूध आटवण्यासाठी मादीचं पाणी बंद करू नका. कासेत साठलेल्या दुधाच्या दाबानेच ते आटतं. नर लावेपर्यंत रोज ३ ते साडेतीन किलो खाद्य द्यायचं.

तिसऱ्या दिवसापासून दोन वेळा नर समोर आणून पाठ दाबून बघायची. निरण (योनीचं बाहेरचं तोंड) लाल होणं ही नुसती चाहूल. दाबल्यावर खांबासारखी उभी राहिली, कान ताठले, तर माज खरा. चौथ्या दिवशी उभी राहणारीचा माज लांब चालतो, तिला पहिली भरण सुमारे २४ तासांनी. सहाव्या-सातव्या दिवशी येणारीचा माज आखूड, तिला लगेच आणि पुन्हा १२ तासांनी. वीर्य १७ अंशांच्या आसपास ठेवायचं, फ्रीजमध्ये नाही.

सिल्लोड-भोकरदनचा मका काढणीत पावसात सापडला की गुलाबी बुरशी धरतो. तिचं विष स्त्री-संप्रेरकासारखं वागतं : निरण सुजते, पण मादी उभी राहत नाही. लहान माद्या-पिल्लांचीही निरण सुजलेली दिसली तर तो मका बंदच करायचा. शिजवून विष जात नाही.

भरल्यानंतर खाद्य दोन-अडीच किलोवर आणायचं आणि चार आठवडे मादीची जागा किंवा सोबत बदलायची नाही. १८ ते २४ दिवसांत रोज नर दाखवायचा. या दिवसांत उलटली तर बहुतेक वेळा फळलीच नव्हती, तेव्हा भरणीची वेळ आणि वीर्य तपासा. २५ नंतर उलटली तर बहुधा फळली होती पण गर्भ टिकला नाही. मग ऊन, मारामारी, मक्यातली बुरशी आणि लसीकरणाची वही बघायची, आणि पशुवैद्यकाला रक्त तपासायला सांगायचं.