भूमिका कंपनीची, जोखीम कोणाची?

कंपन्यांनी सामाजिक प्रश्नांवर जाहीर भूमिका घ्यावी की मुकाट्याने आपला धंदा करावा, हा वाद आपल्याकडे बहुधा सणासुदीच्या तोंडावर एखाद्या जाहिरातीच्या निमित्ताने उफाळून येतो आणि फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत विरूनही जातो. ऑक्टोबर 2020 मध्ये तनिष्कच्या जाहिरातीत मुस्लिम सासरी हिंदू सुनेचे डोहाळजेवण दाखवले म्हणून गदारोळ झाला आणि जाहिरात काढून घेण्यात आली. पुढच्याच ऑक्टोबरात डाबरने दोन स्त्रिया एकमेकींसाठी करवा चौथ करताना दाखवल्या. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा देताच तीही जाहिरात गेली. दोन्ही वेळी चर्चा झाली ती कंपनीला कणा आहे की नाही, याची. मला मात्र तनिष्कच्या निवेदनातला एक उल्लेख महत्त्वाचा वाटला होता. दुखावलेल्या भावनांच्या जोडीला आपले कर्मचारी, भागीदार आणि दुकानांतली माणसे यांच्या हिताचा विचार करून जाहिरात मागे घेत आहोत, असे कंपनीने म्हटले होते. गुजरातेत गांधीधामच्या दुकानाच्या दारावर तर माफीचा कागद चिकटवला गेला होता. भूमिका मुख्य कचेरीत ठरते आणि माफीचा कागद लावायची पाळी काउंटरवरच्या माणसावर येते, हे त्या एका दारावर सगळ्यांना दिसले.

या दृष्टीने पाहिले तर झोमॅटोचे प्रकरण अधिक बोलके आहे. जुलै 2019 मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने, जेवण घेऊन येणारा माणूस हिंदू नाही म्हणून, मागणी रद्द केली आणि तसे अभिमानाने जाहीरही केले. अन्नाला धर्म नसतो, असे कंपनीने उत्तर दिले. संस्थापक दीपिंदर गोयल यांनी, आमच्या मूल्यांच्या आड येणारा धंदा गमावल्याचे आम्हाला दुःख नाही, अशा आशयाचे ट्विट केले. पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या, पुष्कळांनी ॲप काढून टाकले. ती भूमिका योग्य होती, याविषयी मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. परंतु दोनच आठवड्यांच्या आत हावडा येथे त्याच कंपनीचे काही डिलिव्हरी कामगार निदर्शनाला उतरले, कारण गोमांस आणि डुकराचे मांस पोहोचवण्याची सक्ती आपल्यावर होऊ नये, अशी त्यांची मागणी होती. त्यांच्या मागण्यांत मोबदल्याचा प्रश्नही होता, पण त्याच्या बातम्या फारशा झाल्या नाहीत. त्यांचे म्हणणे मला पटत नाही. तरीही ज्यांच्या हातांनी ही मूल्ये घरोघर पोहोचायची, त्यांच्याशी कंपनी कधी बोलली होती का, हा प्रश्न त्यांच्या निदर्शनाने उभा केला, हे मान्य करावे लागते. कागदोपत्री ही माणसे कंपनीची नोकरदार नसून ‘पार्टनर’ असतात आणि भूमिका घेताना या पार्टनरांना कोणी विचारत नाही.

मार्च 2024 मध्ये तीच कंपनी दुसऱ्या टोकाला गेली. केवळ शाकाहारी उपाहारगृहांतले जेवण पोहोचवण्यासाठी वेगळा ताफा, हिरवा गणवेश आणि हिरवी पेटी अशी योजना तिने जाहीर केली. अन्नाला धर्म नसतो म्हणणाऱ्यांनी अन्नाला वेगळा गणवेश दिला, ही विसंगती लोकांनी ताबडतोब दाखवून दिली. अशा शुद्धतेमागे जातीचा इतिहास आहे, हेही अनेकांनी बजावले. दुसऱ्याच दिवशी गणवेशाचा हिरवा रंग मागे घेण्यात आला, ताफा मात्र राहिला. नेहमीच्या लाल शर्टातला प्रत्येक जण मांसाहारी जेवण घेऊन आला आहे असे समजून एखादी सोसायटी त्याला विशिष्ट दिवशी फाटकावरच अडवेल आणि रायडरच्या जिवाला धोका होईल, असे कारण गोयल यांनी दिले होते.

हे कारण काल्पनिक नव्हते. मुंबईत आणि पुण्यात मांसाहारी कुटुंबाला घर न देणाऱ्या इमारती आहेत, हे घर शोधलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आमच्या सोसायटीत तसा नियम नाही, पण डिलिव्हरीवाल्याने मागच्या लिफ्टने जावे असा फलक आहे. वॉचमन त्याचे नाव, फोन नंबर आणि वेळ वहीत उतरवून घेतो, तर पाहुणा हात हलवून आत जातो. अशा फाटकावर शर्टाच्या रंगावरून डब्यातला पदार्थ ओळखता आला असता, तर वहीत आणखी एक रकाना वाढायला वेळ लागला नसता.

उद्योग आणि नागरी हक्क हे नाते काही ट्विटरच्या काळात जन्मलेले नाही. 1928 सालच्या मुंबईतल्या गिरण्या पाहा. साचा खात्यात, म्हणजे विणकाम विभागात, मजुरी चांगली मिळे, पण तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. सुताची कांडी बदलताना धोट्याच्या, म्हणजे आडवे सूत नेणाऱ्या साधनाच्या, छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्यांचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकरांना चालत नसे. मालकांनी हा विटाळ निमूट चालू दिला. त्या वर्षीच्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय मागण्यांत घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनीही तो आढेवेढे घेतच मानला. त्याच साली वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर विश्वस्तांचे मन वळवून अस्पृश्यांना खुले केले. बजाज हे गांधीजींचे अनुयायी होते आणि व्यापारीही होते. मंदिर त्यांच्याच घराण्याचे असल्यामुळे समाजाचा रोष आधी त्यांच्याच दारी येणार होता. आजच्या कंपन्यांच्या धीटपणाकडे पाहताना मला हा फरक विसरता येत नाही.

याचा अर्थ कंपन्यांनी गप्प बसावे, असा मी काढत नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विरुद्धच्या लढ्यात ललित हॉटेल समूहाचे केशव सुरी 2018 साली स्वतः याचिकाकर्ते झाले. एक उद्योजक स्वतःच्या नावानिशी न्यायालयात उभा राहिला. तनिष्क ज्या टाटा समूहाची, त्याच समूहाच्या टाटा स्टीलने 2019 मध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना सवलतींच्या नियमांत आणले आणि पुढे झारखंडमधल्या खाणीवर पारलिंगी व्यक्तींना अवजड यंत्रे चालवण्याच्या कामावर घेतले. यातल्या कशावरही दुकानाच्या दाराला कागद लावण्याची वेळ आली नाही. जाहिरात मागे घेता येते. पगारपत्रकावर आलेले माणूस आणि वैद्यकीय विम्यात आलेला जोडीदार इतक्या सहज मागे घेता येत नाही, म्हणून मला हे काम अधिक मोलाचे वाटते.

2022 साली हैदराबादेत स्विगीच्या एका ग्राहकाने सूचनांच्या रकान्यात मुस्लिम डिलिव्हरीवाला नको असे लिहिले होते. त्या वेळी कंपनीने भूमिका घ्यावी, अशी मागणी प्रथम तेलंगणातल्या गिग कामगारांच्या, म्हणजे ॲपवरून फेरीगणिक काम करणाऱ्यांच्या, संघटनेने केली. त्यांना ट्विट पुरणार नव्हते. अशा ग्राहकाचे खाते बंद होणार का, परत पाठवलेल्या फेरीचे पैसे रायडरला मिळणार का, आणि ग्राहकाने रागाने दिलेल्या एका ताऱ्यामुळे त्याचे रेटिंग घसरणार नाही याची हमी कोण देणार, हे प्रश्न करारातच सुटू शकतात. करारात तसे एक कलम घालायला जाहिरातीचा खर्चही लागत नाही.