पो पो पो!

आज अथेन्सच्या आठवडी बाजारात माझी पिशवी फाटली आणि दोन किलो संत्री उतारावरून घरंगळत सुटली.

माझ्या तोंडून निघालं, "आई गं!" त्याच क्षणी शेजारच्या आजी ओरडल्या, "पनायीया मू!" म्हणजे मेरीमातेचा धावा. दोघींनी आईलाच हाक मारलेली.

मग संत्री वेचता वेचता त्यांचं "पो पो पो" सुरू. मान हलवत, ओठांचा चंबू करत. आपलं "अरेरेरे" अगदी. (हेच "पो पो" कुणाची नवी गाडी बघूनही म्हणतात, तेव्हा ते "बाप रे" असतं. सूर ओळखायचा, दुसरं काय!)

वर्षभर क्रियापदं घोकतेय. फोन उचलून ऐटीत "एला" म्हणायलाही जमतं आता. पण ग्रीकमध्ये दचकायला कधी येणार मला?