राजवाड्याच्या दाराशी कसँड्रा

शाळेने मला दिलेल्या एखाद्या गोष्टीविषयी लिहायचे होते; कोणती निवडावी, याचा फार विचार मला करावा लागला नाही. इतिहासाच्या तासाला प्राचीन अथेन्सचा धडा शिकवताना आमच्या बाईंनी ग्रीक नाटककार एस्किलसच्या ‘अगॅमेम्नॉन’ नाटकातील कसँड्राची कथा सांगितली होती. पुढे ते नाटक मी स्वतः वाचले आणि आजही पुन्हा पुन्हा वाचतो.

इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सला डायोनायसस या देवाच्या उत्सवात हे नाटक सादर झाले. कसँड्रा ही ट्रॉयच्या प्रायम राजाची मुलगी. ग्रीकांनी ट्रॉय जिंकल्यावर ती युद्धातील लूट म्हणून ग्रीक राजा अगॅमेम्नॉनबरोबर रथातून त्याच्या आर्गोस नगरीला येते. त्याची राणी क्लायटेम्नेस्ट्रा तिला राजवाड्यात बोलावते, पण ती अवाक्षर काढत नाही. राणी वैतागून निघून जाते आणि मगच अपोलो देवाच्या नावाने कसँड्राचा आक्रोश सुरू होतो. अपोलोला दिलेला शब्द तिने मोडला, म्हणून तिच्या भविष्यवाणीवर कोणीही विश्वास ठेवणार नाही, हा तिला मिळालेला शाप.

मात्र नाटकात घडते ते याहून गुंतागुंतीचे आहे. तुझे बोलणे आम्हाला खरे वाटते, असे कोरसमधील, म्हणजे नाटकातील गायकवृंदातील, आर्गोसचे वृद्ध तिला स्पष्टपणे सांगतात. थायेस्टीसला त्याच्याच मुलांचे मांस खाऊ घातल्याची अगॅमेम्नॉनच्या घराण्यातील जुनी हकिगत परमुलखातील ही मुलगी अचूक सांगते, तेव्हा ते शहारतात. ती पुढचे सांगू लागली की मात्र त्यांना काहीच उमगत नाही. अगॅमेम्नॉनचा मृत्यू तुम्ही पाहाल, असे तिने नाव घेऊन सांगितले तरी अभद्र बोलू नकोस म्हणून ते तिला गप्प करतात. विदुराचे बोल धृतराष्ट्राने मानले नाहीत, कारण पुत्रमोह आड आला. या वृद्धांच्या आड तसा कोणताही मोह येत नाही, म्हणूनच त्यांचे न समजणे मला अधिक भयंकर वाटते.

यानंतर ती जे करते, त्यामुळे ती केवळ दयेचा विषय राहत नाही. हातातील दंड आणि गळ्यातील माळा, म्हणजे देवाने दिलेली सारी चिन्हे, ती फेकून पायदळी तुडवते. दाराशी जाताच रक्ताच्या वासाने ती मागे फिरते. हा होमातील बळींचा वास आहे, अशी वृद्ध तिची समजूत घालतात. आत आपलाही खून होणार हे तिला ठाऊक असते; त्या खुनाचा सूड पुढे घेतला जाईल तेव्हा माझे शब्द खरे होते अशी साक्ष द्या, एवढे मागून ती स्वतःच्या पायांनी आत जाते.

दुसरा ग्रीक नाटककार युरिपिडीस याच्या इ.स.पू. ४१५ मधील ‘ट्रोजन विमेन’मध्ये हीच कसँड्रा हाती मशाल घेऊन स्वतःच्याच लग्नाचे गीत गाते आणि जिंकलेल्या ग्रीकांपेक्षा हरलेले ट्रॉयवासीच कसे भाग्यवान, हे मुद्देसूद पटवून देते. तो प्रवेश विलक्षण आहे, तरी माझे मन एस्किलसकडेच ओढ घेते, कारण तिथे मृत्यू दिसत असतानाही ती आधी आपले म्हणणे पूर्ण करते आणि मगच उंबरठा ओलांडते.