काकांचा लाल ब्रश

हे काका चार वर्षांपासून माझ्याकडे मधुमेहासाठी येतात. हसले की त्यांचा हात तोंडावर जायचा. मला वाटायचं, माणूस लाजाळू आहे.

त्या दिवशी त्यांची फाईल उघडून मी वैतागलो होतो. गोळ्या वेळेवर, चालणं रोजचं, तरी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 8.4. शरीरातला दाह (आतली सूज) दाखवणारा हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी 7.2, दोन महिन्यांपूर्वीचा 6.8. हा आकडा 3 च्या वर गेला की हृदयविकाराचा धोका जास्त धरतात. 10 च्या वर असता तर मी ताजा जंतुसंसर्ग शोधला असता. काकांचं हे मधलंच धुमसणं होतं. ताप नाही, दुखणं नाही. लघवीचं कल्चर झालं, सोनोग्राफी झाली, पायांचं बोटन्‌बोट पाहून झालं.

खरं तर उत्तर माझ्याकडे तयार होतं : पोट. कमरेचा घेर 106 सेंमी. पोटातल्या मेदपेशी फुगून मरायला लागल्या की त्यांच्याभोवती मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी कडं करून बसतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-6 अशी दाहाची रसायनं सोडत राहतात. टीएनएफ इन्सुलिनच्या कामात खोडा घालतो, हे 1993 साली लठ्ठ उंदरांमध्ये दिसलं. आयएल-6 यकृताला सीआरपी बनवायला लावतं. त्यात वाढलेली साखर प्रथिनांना चिकटते आणि ती बिघडलेली प्रथिनं याच पेशींना पुन्हा चिथावतात. म्हणजे दाहामुळे साखर, साखरेमुळे दाह. हे मी विद्यार्थ्यांना इतक्यांदा शिकवलंय, की त्यापलीकडे बघायचंच सोडून दिलं होतं.

"वजन उतरवा," म्हणून मी फाईल मिटत होतो, तेवढ्यात सोबत आलेली मुलगी सहज म्हणाली, "डॉक्टर, बाबांचा ब्रश रोज लाल होतो. चालतं ना?"

"काका, आ करा बघू."

काका ओशाळले. मी टॉर्च मारला. खालचे पुढचे दोन दात बोटाने हलत होते. हिरडी जरा दाबली, तर दाताच्या कडेने पुवाचा पिवळट थेंब वर आला. चार वर्षांत मी त्यांच्या डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, संवेदना तपासायला तळपायाला मोनोफिलामेंटचा धागा टेकवून पाहिला. ओठांच्या आत एकदाही डोकावलो नव्हतो.

दातांच्या डॉक्टरांनी दात-हिरडीमधली खोली मोजायचा बारीक प्रोब घातला, तो काही ठिकाणी 7 मिमी आत गेला. निरोगी हिरडीत तो 3 च्या पुढे सहसा जात नाही. जवळजवळ प्रत्येक दाताभोवती असे खिसे. एवढी जखम हातावर असती, तर काकांनी एक रात्र काढली नसती. तोंडात वर्षानुवर्षं खपली, कारण दुखत नव्हती. तिथले जंतू आणि दाहाची रसायनं रक्तात उतरत होती, साखर वाढवत होती; आणि वाढलेल्या साखरेने हिरड्या आणखी पोखरल्या जात होत्या.

खिसे खोलवर साफ केले, ते दोन दात काढावे लागले. मधुमेहाची एकही गोळी मी बदलली नाही. तीन महिन्यांनी एचबीएवनसी 7.9 आला. हिरड्यांच्या उपचाराने सरासरी एवढाच, 0.4 च्या आसपास उतार पडतो, तेव्हा यात चमत्कार काही नव्हता. सीआरपी 3.6.

काका हसले. हात पुन्हा तोंडावर. आता तिथे फट होती.

"मग राहिलेला कशामुळे, डॉक्टर?"

मी खणातून टेप काढली. काकांनी श्वास ओढून पोट आत घेतलं.