लिंक निळी, फोल्डर गायब

तुर्भे एमआयडीसीत एक ऑफसेट प्रेस आहे. तिथल्या कॉम्प्युटरांची देखभाल माझ्याकडे असते. दिवाळीच्या तोंडावर शेठचा फोन आला, "सर, आर्टवर्क उघडत नाही, प्लेट अडकल्यात. लगेच या."

मिठाईच्या बॉक्सचं काम होतं. क्लायंटने आर्टवर्क एफटीपीवर, म्हणजे फाइल देवाणघेवाणीच्या जुन्या पद्धतीच्या सर्व्हरवर, टाकून मेलमध्ये लिंक पाठवली होती. डीटीपीच्या ताई क्लिक करायच्या, ब्राउझर उघडायचा आणि पुढे काहीच नाही. शेठने नेटवाल्याला आणि क्लायंटला झापून घेतलं होतं. ताईंचं म्हणणं एकच, "जुन्या पीसीवर तर उघडायचं!"

ते खरंच होतं. जुन्या पीसीवरचा क्रोम कधी अपडेटच झाला नव्हता. तो पीसी गेल्यावर नवीन आला, त्याच्यासोबत नवा क्रोमही. क्रोमने 2021 च्या ऑक्टोबरात, 95व्या आवृत्तीत, एफटीपी पुरतं काढून टाकलं. फायरफॉक्सने त्याच वर्षी जुलैमध्ये. कारण रास्त आहे: साध्या एफटीपीत पासवर्डही उघडाच जातो, वाटेत कुणीही वाचावा. ही पद्धत (प्रोटोकॉल) 1971 ची, अभय भूषण यांनी लिहिलेली. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचा हा माणूस. तेव्हा चोरांची भीती कुणाला होती!

शेठला यातलं काही ऐकायचं नव्हतं. "ते असू दे, चालू कधी होणार?"

आता अशी लिंक ब्राउझर स्वतः उघडत नाही. ती विंडोजकडे जाते आणि विंडोज ज्याच्या नावावर एफटीपी लावलंय त्याला बोलावतं. इथे ते क्रोमच्याच नावावर होतं, म्हणजे ज्याने काम सोडलंय त्याच्याच टेबलावर फाइल. पीसीवर फाइलझिला हे एफटीपीचं सॉफ्टवेअर होतं, पण डीफॉल्ट अ‍ॅप्सच्या यादीत ते दिसेना. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंग्जमध्ये, हात घालण्यापेक्षा त्याच कामाचं विनएससीपी टाकलं. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये इंटिग्रेशनखाली यूआरएलसाठी नोंदणीचं बटण आहे. ते दाबलं आणि डीफॉल्ट अ‍ॅप्समध्ये एफटीपीसमोर विनएससीपी निवडलं.

ताईंनी क्लिक केलं. विनएससीपी उघडलं, लॉगिन झालं आणि एरर आला: फाइल सापडत नाही.

शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मी मेल मोठा करून लिंक नीट पाहिली. फोल्डरचं नाव होतं 'दिवाळी बॉक्स फायनल', इंग्रजी अक्षरांत. निळी रेघ 'दिवाळी'पाशीच संपत होती, पुढचे दोन शब्द काळे. मधल्या स्पेसने लिंक तोडली होती. शेवटी स्लॅश नसल्यामुळे विनएससीपी 'दिवाळी' नावाची फाइल उतरवायला निघालं होतं. फोल्डर हवा असेल तर त्याला शेवटचा स्लॅश लागतो. प्रत्येक स्पेसच्या जागी %20 ही लिंकमधली स्पेसची खूण घातली, शेवटी स्लॅश दिला, पत्ता विनएससीपीत पेस्ट केला. फोल्डर समोर!

ताईंनी पीडीएफ ओढून घेतली. "एवढ्याशा जागेपायी सकाळपासून शिव्या खाल्ल्या मी."

दुपारी प्लेट निघाल्या. क्लायंटला मी मेल लिहून दिला: फोल्डरच्या नावात स्पेस नको आणि जमलं तर एसएफटीपी (पासवर्ड झाकून नेणारी पद्धत) सुरू करा. तिकडून उत्तर आलं, "नोटेड." पुढच्या जॉबच्या फोल्डरचं नाव 'न्यू फोल्डर 2' होतं.