केरीच्या वाळूवर चार दुपारी: पॅराग्लायडिंगच्या पहिल्या कोर्सनंतर

कामशेतला कोर्स संपतो, लॉगबुकात पंधरा-वीस छोटी उड्डाणं जमतात, प्रशिक्षक सही करतात आणि मग "आता पुढे काय?" हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक जण हिमाचलातल्या बीर-बिलिंगचं तिकीट काढतात, नाहीतर स्वतःची नवी विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, बघायला लागतात. दोन्हीची घाई आहे. बिलिंगचा टेकऑफ साधारण २,४०० मीटरवर, मागे धौलाधार आणि दुपारी जोरदार थर्मल, म्हणजे तापून वर उठणारी हवा. वीस उड्डाणांच्या पायलटला तिथे शिकण्यापेक्षा घाबरायलाच जास्त होतं. या टप्प्यावर कमी असतो तो विंगशी हातांचा परिचय, आणि तो जमिनीवर उभं राहूनच होतो. त्यासाठी जानेवारीच्या शेवटी आम्ही चौघे एक जुनी विंग आणि दोन हार्नेस (पायलटला विंगशी जोडणारे पट्टे आणि बैठक) घेऊन गोव्यात पेडणे तालुक्यातल्या केरीला गेलो. चार दुपारी, फक्त ग्राउंड हँडलिंग, म्हणजे न उडता जमिनीवरूनच विंग हाताळणं.

किनाराच का? डोंगराच्या पायथ्याच्या शेतात वारा बांध, झाडं आणि घरं ओलांडून फुटून येतो. वर ऊन तापलं की थर्मल सुटतो आणि दर दोन मिनिटांनी दिशा बदलते. तासाभरात पाच मिनिटंही सलग मिळत नाहीत. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत काही आडवं येत नाही. विंग डोक्यावर आली की तिथेच थांबते, आणि ती हलली तर चूक आपलीच असते. शिकणाऱ्याला हे फार मोलाचं आहे.

जाणं आणि जागा

पुण्याहून आंबोली घाट, सावंतवाडी, मग आरोंद्याकडून किरणपाणीचा पूल ओलांडून पालये आणि केरी. रेल्वेने जवळचं स्टेशन पेडणे. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून थिवीला उतरणंही सोयीचं. विमानाने मोपा. विंगची बॅग हार्नेससकट पंधरा-अठरा किलोंची होते, तेव्हा सामानाची मर्यादा आधी बघून घ्या.

केरीच्या किनाऱ्यामागे सुरूच्या झाडांची रांग आहे, उत्तरेला तेरेखोल नदीचं मुख आणि दक्षिणेला पठार. सरावासाठी मधला भाग धरा. नदीच्या मुखाजवळ पाण्याला ओढ जोरदार आहे, आणि त्या बाजूला दगडी बांधामुळे भरतीला वाळूच उरत नाही. पठाराच्या पायथ्याशी खडक आहेत आणि वारा टेकडीला आपटून गढूळ होतो, तिथून किमान दोनशे मीटर लांब राहा. पाण्यापासून सुरूपर्यंत शंभर मीटर तरी मोकळी वाळू हवी. ती ओहोटीलाच मिळते, त्यामुळे भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा. दुपारी दोन ते पाचच्या मधे ओहोटी येईल असे चार दिवस निवडले की अर्धं काम झालं.

मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे किनारे या कामासाठी सोडून द्या. तिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हरमलला गर्दी फार. केरीतही किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल तर रापणकारांना आधी विचारा आणि जाळ्यापासून दूर बसा. विंगची लाइन (बारीक दोरी) जाळ्यात गुंतली तर नुकसान दोघांचं होतं. जीवरक्षकांनाही सांगून ठेवा की उडणार नाही, विंग जमिनीवरच राहील. हे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

तो ताण कशाचा, हे माहीत असावं. जानेवारी २०२५ मध्ये याच पठारावरून झालेल्या टँडम (पायलट आणि प्रवासी अशा दोघांच्या) उड्डाणात पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट, दोघांचाही जीव गेला. पठारावरून उडायचा मोह होतोच, समोर उतार आणि लागलेला वारा दिसतो. पण खाली खडक आणि समुद्र आहे, जवळ मोपाचा विमानतळ आहे, आणि रिज सोअरिंग, म्हणजे उताराला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगत राहणं, हे वेगळं शिकायचं कौशल्य आहे. लेखी परवानगी आणि ती जागा ओळखणारा प्रशिक्षक, दोन्ही हाताशी नसतील तर वर चढूच नका.

वाऱ्याचं घड्याळ

या दिवसांत पहाटेपासून सकाळी दहा-अकरापर्यंत वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो. मऊ असतो, ताशी आठ-दहा किलोमीटरचा (पुढचे वाऱ्याचे आकडेही ताशी किलोमीटरचेच), आणि नवशिक्याला हाच बरा वाटतो. पण या वाऱ्यात विंग खेचू लागली तर थेट पाण्यात नेते. शिवाय तो सुरूच्या झाडांवरून येत असल्याने गढूळ असतो. सकाळी विंग बॅगेतून काढायचीच नाही.

मग तास-दीड तास सगळं थांबतं. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि समुद्रावरची गार हवा आत येऊ लागते. पाण्यावर आधी एक काळसर पट्टा दिसतो, तो किनाऱ्याकडे सरकतो, आणि पाच-दहा मिनिटांत गाल गार पडतो. पहिल्या दिवशी हे साडेबाराला झालं. तीनपर्यंत वारा पश्चिमेकडून वायव्येला वळून १६ वर स्थिर होता. दुसऱ्या दिवशी पूर्वेचा वारा दीडपर्यंत हटला नाही आणि नंतरही १० च्या पुढे गेला नाही, म्हणून सगळा वेळ फॉरवर्ड लाँचला, म्हणजे विंगकडे पाठ करून ती उठवण्याला, दिला. तिसऱ्या दिवशी अडीच वाजताच झोत २२-२४ चे येऊ लागले. विंग गुंडाळून पाचपर्यंत वाट पाहिली आणि शेवटचा तास सगळ्यात सुंदर मिळाला.

अनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) डोक्याच्या उंचीवर धरून दोन मिनिटं वाचा, सरासरी आणि झोत दोन्ही बघा. ८ ते १२ ला फॉरवर्ड, १२ ते १८ ला रिव्हर्स, म्हणजे विंगकडे तोंड करून. झोत आणि सरासरीत ६ पेक्षा जास्त फरक असेल तर थांबा. २० च्या पुढे नवशिक्याने विंग उघडू नये. यंत्र नसेल तर समुद्र सांगतो: लाटांवर पांढरे तुरे इथे-तिथे दिसू लागले की वारा साधारण १२-१९ मध्ये असतो, सगळीकडे तुरेच तुरे झाले की २० पार गेला.

या आकड्यांबाबत कडक राहायचं कारण साधं आहे. ताकद वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. १४ चा वारा २० झाला की ओढ दुप्पट होते. पंचवीस चौरस मीटरची विंग वाऱ्याला आडवी उभी राहिली तर २० ला साधारण पन्नास किलोंची ओढ लागते, ३० ला शंभर किलोंच्या वर. साठ किलोंचा माणूस तिथे उभा राहू शकत नाही.

सामान

उड्डाणातून निवृत्त झालेली जुनी ईएन-ए (नवशिक्यांसाठीच्या सौम्य वर्गातली) विंग सरावाला उत्तम. नव्या विंगचं कापड वाळूत झिजवू नका. हेल्मेट बकलसह, पूर्ण बाह्या, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट. अनवाणी अजिबात नको, लाइन पायाच्या बोटांत अडकते. स्पीडबार (वेग वाढवायला पायाने ढकलायची दांडी) काढून ठेवा, नाहीतर लोंबणारी दोरी पायात येते. हार्नेसला रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट) असेल तर त्याच्या हँडलची पिन प्रत्येक पडण्यानंतर तपासा. हुक नाइफ (दोऱ्या कापायची आकड्याची सुरी) छातीवर असू द्या. पाणी माणशी तीन लिटर, आणि जेवण हलकं.

विंग उभी करताना

पाठ समुद्राकडे, तोंड विंगकडे, विंग जमिनीच्या बाजूला. घसरलात तर जमिनीकडेच घसराल. वळायची बाजू एकच ठरवा, डावी तर कायम डावी, आणि विंग उठवण्याआधी ती मोठ्याने म्हणा. चुकीच्या बाजूने वळलात तर रायझरला (लाइन हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांना) दुहेरी पीळ बसतो आणि ब्रेक, म्हणजे विंगची मागची कड ओढणाऱ्या दोऱ्या, त्यातच आवळले जातात.

आधी भिंत बांधायची. दोन्ही ए (पुढचे) रायझर एका हातात, दोन्ही सी (मागचे) दुसऱ्या हातात. ए किंचित ओढले की कापडाची पुढची कड उभी राहते, सी ओढले की ती परत बसते. अशी भिंत स्थिर ठेवता आली की मगच वर न्या. किनाऱ्यावर याचा दुसराही फायदा आहे: कड उभी असताना सेलची, म्हणजे विंगमधल्या कप्प्यांची, तोंडं वाळूवर घासत नाहीत. भिंत न बांधता ओढलं तर प्रत्येक सेल फावड्यासारखा वाळू भरून घेतो. विंग उठताना आतून 'सर्र' असा आवाज आला की समजा वाळू मागच्या कडेला साठली. ती दोन-तीन किलोही होते. मग विंग उशिरा उठते, टोकं मागे लोंबतात, आणि शिकणारा उगाच ए जोरात ओढू लागतो. दर अर्ध्या तासाने मागची कड वर, तोंडं खाली धरून झटका. बऱ्याच विंगांना टोकांशी वेल्क्रोची फट असते, ती उघडली की उरलेली वाळू निघते.

विंग वर येत असताना जागेवर रोवून उभं राहू नका. तिच्याकडे दोन-तीन पावलं चाला. ओढ निम्मी होते आणि ती डोक्यावरून पुढे झेपावत नाही. अकराच्या काट्यावर, म्हणजे थेट डोक्यावर यायच्या जरा आधी, आली की ए सोडा, ब्रेकचा दहा सेंटीमीटरचा स्पर्श, लगेच मोकळा. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ब्रेक धरून ठेवणं. विंग मागे पडते, माणूस आणखी ओढतो, ती आणखी मागे जाते.

एका बाजूला कलली तर आधी पाय, मग हात. ज्या बाजूला विंग पडतेय त्या बाजूला चालत तिच्या खाली जा. त्यानेच दहातले सात वेळा ती सरळ होते. हात पुरत नाहीत कारण विंगच्या खाली आपणच नसतो.

आता विंग पाडणं, आणि हे उठवण्याआधी शिकायचं. दोन्ही ब्रेक ओढून पाडायला जाल तर जोराच्या वाऱ्यात ती पडण्याआधी पूर्ण फुगलेल्या पिशवीसारखी खेचते. सी रायझर छातीपर्यंत ओढा आणि विंगच्या दिशेने धावा. तरीही खेचले गेलात तर एकच ब्रेकची दोरी हाताहाताने, कापड हातात येईपर्यंत ओढत जा. पालथे व्हा, उठा, धावत विंगच्या पलीकडच्या, वारा जातो त्या बाजूला जा. ती आपोआप मिटते. हे १० च्या वाऱ्यात मुद्दाम पाच वेळा करून बघा.

चार दिवसांत जमावं असं: रोज तीस वेळा उठवणं, दहातून नऊ वेळा विंग पहिल्याच प्रयत्नात डोक्यावर, दहा मिनिटं सलग न पाडता, ब्रेकला हात न लावता फक्त ए-सीवर पाच मिनिटं, एक टोक वाळूला टेकवून परत वर, मग दुसरं, दोन बॅगा वीस मीटरवर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा चालणं, आणि शेवटी रिव्हर्समधून वळून समुद्राकडे तोंड करून पन्नास मीटर चालणं, नजर वर न नेता. हे शेवटचं सगळ्यात अवघड. विंग कुठे आहे ते मांड्यांवरच्या पट्ट्यांच्या ताणावरून कळायला लागतं, आणि एकदा कळलं की टेकऑफची भीती खरंच ओसरते.

एकाने विंग धरायची, दुसऱ्याने फक्त वारा, माणसं आणि कुत्री बघायची. हलणाऱ्या लाइन दिसल्या की किनाऱ्यावरची कुत्री झेपावतात, लहान मुलंही. चौथा दिवस रविवार होता. चारनंतर दर पाच मिनिटांनी विंग खाली घ्यावी लागली. शनिवार-रविवार टाळा.

संध्याकाळचं काम

सुरूची छोटी काटेरी फळं खालच्या लाइनमध्ये अडकून बसतात. बोटाएवढीही नसतात, पण दोन लाइन एकत्र बांधल्यासारख्या होतात. प्रत्येक संच रायझरपासून कापडापर्यंत बोटांतून फिरवा. विंग उन्हात पसरून ठेवू नका, वापर नसेल तेव्हा गोळा करून सावलीत. कॅराबिनर आणि बकल गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर दोन दिवसांत बकल करकरू लागतं. विंग चुकून समुद्राच्या पाण्यात भिजलीच तर गोड्या पाण्यात बुडवून, पाणी बदलत, दोन-तीनदा खळखळून सावलीत वाळवा. मीठ सुकलं की त्याचे कण कापडाला आणि लाइनला कापतात. अशी विंग तपासणीशिवाय पुन्हा उडवायची नाही.

लॉगबुकात हे तासही लिहा: वारा, झोत, किती वेळा उठवली, किती वेळा पडली. परत कामशेतला गेल्यावर प्रशिक्षकांना ते पान दाखवा. संध्याकाळच्या मऊ वाऱ्यात टेकडीवर सोअरिंगचे पहिले धडे कधी द्यायचे, हे ते त्यावरून ठरवतात. आणि जाण्याआधी घरी विंग एकदा गच्चीवर उलटी धरून झटका. केरीची वाळू तेव्हाही ओंजळभर निघेल.