शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू

हाऊसिंग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासदत्वाचा दाखला, हातात आलं की मी ते आधी उलटं करते. पुढच्या बाजूला पहिल्या सभासदाचं नाव आणि सोसायटीचा शिक्का असतो. घराची खरी हकीकत मागच्या तक्त्यात सापडते. हस्तांतरणाची तारीख, नोंदीचा क्रमांक, नव्या सभासदाचं नाव आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या. सिंहगड रोडवरच्या त्या टू बीएचकेच्या सर्टिफिकेटवर मागे एकच नोंद होती आणि विक्रेत्याच्या नावापुढे निळ्या शाईत, बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘नॉमिनी’.

मी पुण्यात मालमत्तेची कामं करते. ते घर घेणारं जोडपं माझ्याकडे आलं तेव्हा सौदा जवळजवळ ठरला होता. जोडप्यातला मुलगा चाकणला नोकरीला, मुलगी फिजिओथेरपिस्ट. किंमत 58 लाख. बँक 80 टक्के देणार, म्हणजे 46 लाख 40 हजार. उरलेले 11 लाख 60 हजार, त्यावर 7 टक्के मुद्रांक शुल्काचे 4 लाख 6 हजार आणि नोंदणीचे 30 हजार. मुद्रांकासाठी बँक कर्ज देत नाही, हे बहुतेकांना सौदा ठरल्यावर कळतं आणि मग घरच्यांकडे बघावं लागतं. इथे मुलाच्या वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून 6 लाख काढले, मुलीच्या आईने निवृत्तीच्या ग्रॅच्युइटीतले 7 लाख दिले, बाकीचे दोघांच्या बचतीचे. वडिलांना करारनाम्यात स्वतःचं नाव हवं होतं. आई पहिल्याच भेटीत म्हणाली, “मला काही नको, दोघांचं होऊ दे.”

नॉमिनी म्हणजे आपल्यामागे सोसायटीत कोणाचं नाव लावावं म्हणून सभासदाने सुचवलेला माणूस. तो शब्द वाचल्यावर मी विक्रेत्याला वारसांबद्दल विचारलं. एजंट मध्येच म्हणाला, “मॅडम, बँकेचं लीगल क्लिअर आहे. सर्टिफिकेटवर नाव आहे, अजून काय पाहिजे?” पुण्यातले निम्मे एजंट हेच वाक्य बोलतात आणि बँकेच्या पॅनेलवरचे काही वकील त्यांना ते बोलू देतात, याचा मला मनापासून संताप येतो. नॉमिनीचं नाव लागणं ही सोसायटीची सोय असते, कारण पत्रव्यवहार कोणाशी करायचा आणि मेंटेनन्स कोणाकडे मागायचा हे तिला कळायला हवं. सहकार कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीत तर नॉमिनीला स्पष्टपणे तात्पुरता सभासद म्हटलं आहे. मालकी जाते ती वारसांकडे.

विक्रेत्याचे वडील मृत्युपत्र न करता गेले होते. मागे बायको, हा विक्रेता मुलगा आणि दोन मुली, म्हणजे प्रत्येकाला चौथा हिस्सा. पुढे आई गेली, तिचा हिस्सा तीन मुलांत वाटला गेला आणि प्रत्येकाचा तिसरा झाला. त्यानंतर धाकटी बहीण गेली. तिचा तिसरा हिस्सा तिच्या नवऱ्याकडे आणि मुलाकडे आला. मी हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा विक्रेत्याने तो कागद बाजूला सरकवला. “बहिणींची लग्नं आम्ही थाटात केली. त्या हक्कसोड देतील, त्यात काय.”

त्याच्या वकिलाने हक्कसोडपत्र तयार केलं. भावाच्या नावे विनामोबदला, नाममात्र मुद्रांकावर. मसुदा बघायला मी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेले होते. टोकन लागायचं होतं. मोठी बहीण सोलापूरहून पहाटेच्या गाडीने आली होती, सत्तरीच्या आसपासच्या बाई. शेजारी जागा होती म्हणून मी बसले. त्यांनी सहज विचारलं, “ताई, सोसायटीला माझी सही कशाला लागते हो?”

त्यांना सांगितलं होतं ते एवढंच, की हा सोसायटीचा कागद आहे, हरकत नाही म्हणून लिहून द्यायचंय.

मी खरेदीदारांची वकील. त्या बाई माझ्या अशील नव्हत्या. पण मी त्यांना सांगितलं की या कागदाने घरातला तुमचा तिसरा हिस्सा तुम्ही भावाला देताय आणि घर 58 लाखांना चाललंय. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, मसुद्याचं पहिलं पान वाचलं आणि विचारलं, “तिसरा म्हणजे किती?” मी म्हटलं, “19 लाख 33 हजार.” त्यांनी मसुदा भावाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “आज नको, दादा.”

मग जे व्हायचं ते झालं. विक्रेता माझ्यावर ओरडला. एजंट बाहेर जाऊन फोनवर कोणाला तरी माझ्याबद्दल बोलत राहिला. मुलाच्या वडिलांनी संध्याकाळी विचारलं, “मॅडम, तुम्ही आमच्या की त्यांच्या?” मी त्यांना सांगितलं ते पुरेपूर खरं होतं : फसवून घेतलेली हक्कसोड रद्द करून मागता येते, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो आणि तो दावा लागला असता तेव्हा घरात तुमचा मुलगा-सून राहत असते. त्यांना ते पटलं. तरी त्या बाकावर मी बोलले ते हा हिशोब करून बोलले नव्हते, हेही खरं आहे.

महिनाभर सौदा अडला. शेवटी बहीण, मेहुणा आणि भाचा यांना विक्रेत्याबरोबर ‘लिहून देणार’, म्हणजे करारातले विक्रेते, केलं आणि प्रत्येकाच्या हिश्श्याची रक्कम करारनाम्यात वेगळी लिहिली. इथून पुढचं काम बाहेरच्याला ठाऊक नसतं. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असली की खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून 1 टक्का कर, म्हणजे टीडीएस, कापायचा आणि त्याचा फॉर्म, तेव्हाचा 26क्यूबी, प्रत्येक खरेदीदार-विक्रेता जोडीसाठी वेगळा भरावा लागायचा. दोन खरेदीदार, चार विक्रेते : आठ फॉर्म. त्यात सोलापूरच्या बाईंचं पॅन आधारशी जोडलेलं नव्हतं, म्हणजे 1 टक्क्याऐवजी 20 टक्के कापावे लागले असते. ते जोडून घेईपर्यंत मी कराराची तारीख लावली नाही. बँकेलाही चार वेगळे डीडी काढायला लावले. एकाच्या नावावर सगळी रक्कम काढून “तुम्ही आपसात वाटून घ्या” म्हणणाऱ्या अधिकाऱ्याशी मला वाद घालावा लागला. नोंदणीच्या दिवशी भाऊ आणि बहीण एकमेकांशी बोलले नाहीत. अंगठे, फोटो, सह्या झाल्या. करारावर मुलगा आणि मुलगी, प्रत्येकी निम्म्या हिश्श्याने. वडिलांनी स्वतःच्या नावाचा आग्रह आपणहून सोडला होता. माणूस समंजस, हे मी आवर्जून लिहिते.

माझ्या डोक्यातून जात नाही ती मुलीची आई. हे सगळं तिने शेजारी बसून पाहिलं होतं. नोंदणीच्या आधी ती एकटी ऑफिसात आली. “माझे 7 लाख कुठे लिहिणार?”

मी सगळे मार्ग तपासले. तिला सहमालक केलं तर बँक तिला सहकर्जदारही करणार, आणि तिच्या वयात वीस वर्षांचं कर्ज बसत नाही. मुलीने उसने घेतले असं लिहिलं तर ते देणं धरून बँक मंजूर रक्कम कमी करणार. बँकेला चालतं एकच, गिफ्ट लेटर, ज्यात रक्कम परत मागणार नाही असं लिहून द्यावं लागतं. घरासाठी सर्वांत मोठी मदत करणाऱ्या बाईकडून बँक पहिल्यांदा हक्क सोडल्याचंच लिहून घेते. कर देणं लागत नाही, कारण आईकडून मुलीला मिळालेली भेट करमुक्त असते, एवढाच दिलासा मला देता आला. तिने सही केली.

रक्कम निदान मुलीच्याच खात्यात, तिथून थेट विक्रेत्यांच्या खात्यांत जाईल आणि करारनाम्यात मुलीने भरलेली म्हणून दिसेल, एवढं मी पाहिलं. ते मुलीचं संरक्षण झालं, आईचं नव्हे. आई-वडिलांनी दिलेला पैसा बँकेचं कर्ज न अडवता त्यांच्या म्हातारपणासाठीही धरून राहील, असा मसुदा मला अजून साधलेला नाही. कोणा वकिलाने तो लिहून बँकेकडून मान्य करून घेतला असेल, तर मला तो हवा आहे. याच प्रश्नाचं आणखी एक जोडपं सोमवारी येणार आहे.